मार्कोनी साहेबांची अर्जंट इंग्रजी

आमच्या धंद्यात, म्हणजे जहाजावरच्या रेडिओच्या कामात, घाईचे तीनच दर्जे होते. पहिला: माणसं आत्ता मरू शकतात, धावा. दुसरा: प्रकरण गंभीर आहे, पण जहाज अजून तरंगतंय. तिसरा: आमचं ठीक चाललंय, तुम्ही सांभाळा, पुढे वादळ आहे किंवा अमुक ठिकाणच्या बोयाचा दिवा विझलाय. मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेत, पहिल्याला एसओएस, दुसऱ्याला तीन वेळा एक्स, तिसऱ्याला तीन वेळा टी. तोंडाने बोलायचं तर मेडे, पॅन-पॅन आणि सेक्युरिते. बाकी सगळं, म्हणजे मालकाचं, एजंटाचं, बंदराचं, कॅप्टनच्या सासुरवाडीचं, ते ‘रूटीन’. त्यात कोणी कितीही उड्या मारल्या तरी ते रूटीनच.

मी जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी ‘मार्कोनी साब’ म्हणायचे, इंग्रज अधिकारी ‘स्पार्क्स’. आमची जमात आता संपली. 1 फेब्रुवारी 1999 पासून उपग्रहांची नवी संकटयंत्रणा जगभर पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सची किल्ली शोकेसमध्ये गेली. मग काही वर्षं मी पोरांना तीच नवी यंत्रणा शिकवली. आता चिपळूणला घरी असतो, आणि माझी भाची हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत असते.

तिच्या मेल्स ती मला फोनवर वाचून दाखवते, करमणूक म्हणून. सकाळी नऊला ‘अर्जंट’. साडेनऊला ‘व्हेरी अर्जंट’. मग लाल उद्गारचिन्ह. मग ‘एएसएपी’ (लवकरात लवकर), ‘टॉप प्रायॉरिटी’, ‘पी-वन’, ‘ईओडी’ (दिवस संपायच्या आत), आणि दुपारी चहाच्या सुमारास एक ‘जेंटल रिमाइंडर’. मागच्या महिन्यात म्हणाली, “मामा, तू जन्मभर अर्जंट मेसेज पाठवलेस. इंग्रजीत अर्जंट नीट कसं लिहायचं ते सांग ना. लंडनचा क्लायंट माझ्या मेलला ढिम्म हलत नाही.”

आता पहिली गोष्ट, जन्मभर मी अर्जंट काही पाठवलं नाही. हवामानाची नोंद, बंदरात पोहोचायची वेळ, तेल किती उरलं, गोडं पाणी किती हवं, यातच नोकरी गेली. अर्जंट क्वचित असायचं, म्हणून तर त्याला किंमत होती. दुसरी गोष्ट, तिच्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपवर मावेना. म्हणून इथे लिहितोय.

घड्याळापासून सुरुवात करतो. रेडिओ रूमच्या भिंतीवर एक पितळी घड्याळ असायचं आणि त्याच्या तबकडीवर रंगवलेल्या फाका. 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांवर लाल फाक; तास भरल्यावर आणि अर्ध्या तासाला तीन-तीन मिनिटांची हिरवी. लाल फाका 500 किलोहर्ट्झ या मोर्सच्या हाकेच्या लहरीसाठी, हिरव्या 2182 या तोंडाने बोलायच्या लहरीसाठी. काटा लाल फाकेत शिरला की 500 वर सगळ्यांनी हात किल्लीवरून काढायचा आणि नुसतं ऐकायचं. कुणाची तरी क्षीण हाक गर्दीत दबली असेल तर ती वर यावी म्हणून. आखातात, जिथे टँकरांची रीघ लागलेली असे, तिथे 500 म्हणजे नुसता कलकलाट. पंधराव्या मिनिटाला कुणी आठवडी बाजाराचं तोंडच दाबून धरावं तसं सगळं थांबायचं. एखादा नवशिका चुकून वाजवत राहिला तर कुणीतरी जुना मार्कोनी त्याला दोन शब्दांत त्याची जागा दाखवून द्यायचा.

इंग्रजीत घाई कशी सांगायची, हे मी त्या शांततेत शिकलो असं मला वाटतं. आवाज चढवून नाही. बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचं आधीच कबूल केलेलं असतं, म्हणून ती ऐकू येते.

टायटॅनिकची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातला आमच्या धंद्याचा भाग फारसा कुणी सांगत नाही. 14 एप्रिल 1912 ची रात्र. कॅलिफोर्नियन नावाचं जहाज बर्फात अडकून थांबलं होतं. त्याच्या कॅप्टनने आपल्या मार्कोनीला, सिरिल इव्हान्सला, सांगितलं की टायटॅनिकला कळव. इव्हान्स विशीतला पोरगा. त्याने टायटॅनिकला हाक मारली ती अशी: ‘से, ओल्ड मॅन, आम्ही थांबलोय, चहूकडून बर्फ आहे.’ टायटॅनिकचा जॅक फिलिप्स त्या वेळी केप रेस या किनारा केंद्राशी प्रवाशांच्या खाजगी तारांचा ढीग उपसत होता. इव्हान्स जवळ, त्याचा सिग्नल जबरदस्त, फिलिप्सच्या कानठळ्या बसल्या. त्याने उलट वाजवलं: ‘शट अप, मी कामात आहे, केप रेसशी बोलतोय.’ इव्हान्सने थोडा वेळ ऐकलं आणि झोपायला गेला. टायटॅनिक हिमनगावर आदळलं तेव्हा कॅलिफोर्नियनचा रेडिओ बंद होता.

लोक ‘शट अप’वर बोट ठेवतात. चौकशीत इव्हान्सने स्वतः सांगितलं की त्याचा कुणी अपमान म्हणून विचार करत नाही. ते खरं आहे. आमच्यात असं चालायचं, मीही ऐकून घेतलंय. माझं बोट वेगळ्याच ठिकाणी आहे. कॅप्टनकडून कॅप्टनला जाणाऱ्या संदेशाच्या डोक्यावर तेव्हा ‘एमएसजी’ ही तीन अक्षरं लावत. ती दिसली की ऑपरेटरने हातातलं काम टाकून तो कागद ब्रिजवर न्यायचा आणि कॅप्टनने वाचला म्हणून उलट पोच द्यायची. इव्हान्सच्या निरोपावर ती तीन अक्षरं नव्हती. मजकूर जीवनमरणाचा आणि थाट पारावरच्या गप्पांचा. फिलिप्सने त्याला गप्पांसारखंच वागवलं.

आणि आता दुसरी बाजू बघा. त्याच रात्री कार्पेथिया नावाच्या जहाजावरचा हॅरॉल्ड कॉटम झोपण्याच्या तयारीत होता, हेडफोन अजून कानावर होते. त्याने सहज टायटॅनिकला सांगितलं की केप कॉडकडे तुमच्यासाठी तारा साठल्यात. उत्तर आलं: ‘ताबडतोब ये. हिमनगावर आदळलोय. हे सीक्यूडी आहे, ओल्ड मॅन.’ पाठोपाठ अक्षांश-रेखांश.

ही ओळ मी वर्गात फळ्यावर लिहायचो. सीक्यूडी ही मार्कोनी कंपनीची 1904 ची संकटाची खूण. एसओएस 1906 च्या बर्लिन परिषदेत ठरली होती, पण मार्कोनीवाल्यांच्या बोटांना जुनी सवय. म्हणजे या वाक्यात अगदी अधिकृत, कंपनीच्या नियमातली खूण आहे, आणि लगेच पुढे ‘ओल्ड मॅन’. ‘ओल्ड मॅन’ म्हणजे आमच्यातलं ‘अरे बाबा’. मोर्समध्ये नुसतं ओएम. वीस वर्षांच्या पोरालाही ओएम. औपचारिक आणि घरगुती इंग्रजी एकाच ओळीत, आणि दोन्ही आपापल्या जागी. खूण असती आणि सलगी नसती तरी चाललं असतं. सलगी होती आणि खूण नव्हती, तेव्हा काय झालं ते वर लिहिलंच आहे. कार्पेथियाने सातशेहून जास्त माणसं उचलली. दीड हजारांच्या आसपास गेली. दोन वर्षांत, 1914 मध्ये, समुद्रावरच्या जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि रेडिओवर चोवीस तास कान ठेवणं त्यातून आलं. आमच्यासारख्या मालवाहू जहाजांवर मार्कोनी एकच असे, त्याची ड्यूटी आठ तासांची. बाकी वेळ ऑटो-अलार्म ऐकत बसायचा: चार-चार सेकंदांचे लांब डॅश, मध्ये एकेका सेकंदाची फट. ते पकडले की माझ्या केबिनमध्ये घंटा. उष्ण कटिबंधातल्या विजांनीही ती वाजायची, मग पायजम्यावरच धावत जायचं.

माझ्या स्वतःच्या हातून गेलेला एक तीन एक्सचा संदेश सांगतो. मुरगावहून लोखंडाची माती भरून जपानला निघालो होतो. श्रीलंकेचं दक्षिण टोक मागे टाकलं, पावसाळी समुद्र, आणि इंजिनरूममधला एक तेलवाला, राजापूरकडचा, पोटात धरून आडवा झाला. आधी सगळ्यांना वाटलं मसालेदार खाल्लंय. दुसऱ्या दिवशी ताप, आणि उजव्या कुशीत खाली हात लावू देईना. सेकंड मेटकडे औषधांची पेटी आणि जहाजाची वैद्यकीय पुस्तिका. त्याने पुस्तिकेवर बोट ठेवलं: अपेंडिक्स.

कॅप्टन माणूस देवमाणूस, जुन्या वळणाचा. त्यांनी पॅडवर स्वतःच्या हाताने मसुदा लिहून आणला. सुंदर तिरपं अक्षर. ‘वुई शॅल बी मोस्ट ग्रेटफुल इफ एनी व्हेसल इन द व्हिसिनिटी हॅविंग अ मेडिकल ऑफिसर ऑन बोर्ड वुड काइंडली कम्युनिकेट विथ अस ॲट हर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स.’ इंग्रजीच्या पेपरात पैकीच्या पैकी. मी वाचलं आणि विचारलं, “सर, एक्स एक्स एक्स लावू?”

ते थबकले. कारण ती खूण कॅप्टनच्या हुकमाशिवाय लावता येत नाही, आणि लावली की त्याची जबाबदारी त्यांची. खिडकीतून समुद्राकडे बघत उभे राहिले. मला वाटतं, आपण आरडाओरडा करतोय की काय, असा संकोच होता तो. मग म्हणाले, “लाव.”

मी मसुदा बाजूला ठेवला. एक्सचं त्रिकूट तीनदा, सर्व स्थानकांना, आमचं नाव, लगेच आमचा ठावठिकाणा, आणि मग तार: एक माणूस, अपेंडिक्सचा संशय, डॉक्टर हवा. ‘प्लीज’ सुद्धा नाही. मोर्समध्ये एक्स म्हणजे डा-डिट-डिट-डा. ओळीने नऊ वेळा वाजला की 500 वरचा रोजचा किलबिलाट कसा ओसरतो ते ऐकण्यासारखं असतं. दोन जहाजं मध्येच बोलायची थांबली. मिनिटभराने एक रशियन उमटलं. त्या काळी सोव्हिएत जहाजांवर डॉक्टर असायचा, पुष्कळदा बाई असायच्या. त्या मार्कोनीला इंग्रजी बेताचंच येत असावं. त्याने एवढंच वाजवलं: डीआर एचआर ओएम. डॉक्टर हिअर, ओल्ड मॅन.

त्या तीन तुकड्यांवर मी एक निबंध लिहू शकेन, पण नको. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ताप किती, नाडी किती, दाबून सोडल्यावर दुखतं का. तोंडाने काही द्यायचं नाही, जुलाबाचं औषध तर मुळीच नाही, पेनिसिलिन सुरू करा, जवळचं बंदर गाठा. आम्ही कोलंबोकडे वळलो आणि त्याचं ऑपरेशन तिथे झालं. नंतर कॅप्टनसाहेबांनी त्या रशियन जहाजाला आभाराची तार लिहिली. ‘मोस्ट ग्रेटफुल’, ‘काइंडली कन्व्हे’, सगळं होतं तिच्यात. एक शब्दही न गाळता मी ती पाठवली. तिथे ते इंग्रजी शोभत होतं.

आमच्या ऑफिसची गंमत याच्या उलट. किनाऱ्यावरचे साहेब रंग किती डबे शिल्लक आहे हे विचारतानाही ‘मोस्ट अर्जंट’ लिहायचे. रेडिओ-तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणजे ‘मोस्ट अर्जंट’चे दोन शब्द मोजून भरायचे, आणि रेडिओच्या रांगेत त्यांनी एक पाऊलही पुढे जाता येत नसे. रांगेत आधी संकट, मग तातडी, मग सुरक्षा, आणि सरकारी तारांना ‘एता प्रियोरिते’ हा फ्रेंच शिक्का लागला तर त्यांना वाट. रंगाचे डबे शेवटी. आम्ही ते कागद वाचून हसायचो. रोज मरे त्याला कोण रडे.

टेलेक्सवाल्या शिपिंगच्या इंग्रजीतला माझा आवडता शब्द ‘सूनेस्ट’. व्याकरणाचे मास्तर नाक मुरडतील, पण जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपन्या आणि दलाल तोच वापरत: ‘प्लीज ॲडव्हाइज सूनेस्ट’, आणि पुढे ‘रिव्हर्ट’. ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. भाचीच्या ऑफिसात कुणी इंग्रज म्हणतो की हे भारतीयांचं चुकीचं इंग्रजी. त्याला सांगा, जहाजांच्या दलालीत सगळेच तो शब्द याच अर्थाने वापरतात.

पण खरी घाई ज्या कागदात असते तिथे ‘अर्जंट’ शब्द सापडत नाही. जहाज भाड्याने देण्याच्या करारात कलम असतं की कॅप्टनने प्रवास ‘विथ द अटमोस्ट डिस्पॅच’, म्हणजे होईल तितक्या त्वरेने, करायचा. ऐकायला दरबारी वाटतं ना? पण उशीर झाला आणि कॅप्टनकडे कारण नसलं, तर याच शब्दांवर लवादापुढे लाखो डॉलरचे दावे चालतात. ‘टाइम इज ऑफ द एसेन्स’ तसंच. आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 55 मध्येही ती कल्पना आहे: वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती पाळली नाही, तर समोरचा करार मोडू शकतो. ‘फोर्थविथ’, म्हणजे ताबडतोब, हा शब्द कायद्यात दिसला तर थट्टेवारी नेऊ नका. इंग्रजी जितकी थंड होत जाते तितकी ती जास्त चावते, हे कागदोपत्री इंग्रजीबद्दल मी शिकलो. ‘एएसएपी’ला दात नाहीत.

आता कोणी म्हणेल, हा सगळा परभाषेचा घोळ, इंग्रजांना आपापसात बरोबर कळत असेल. नाही कळत. 1951 च्या एप्रिलमध्ये कोरियात, इमजिन नदीवर, ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी आपल्या अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती सांगितली: ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.’ ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी याचा अर्थ, सर्वनाश जवळ आलाय. अमेरिकन जनरलने ऐकलं ते असं की थोडी अडचण आहे, पण धरून आहेत. बटालियनचे बहुतेक जण मारले गेले किंवा कैद झाले. दोघांचीही मातृभाषा इंग्रजीच.

आणि 25 जानेवारी 1990. कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं 52 क्रमांकाचं बोइंग 707 न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरायला येत होतं. हवा खराब, गर्दी, तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त वेळ त्यांना आकाशात घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ मागितली. ‘इमर्जन्सी’ हा शब्द मात्र त्याने कंट्रोलरला एकदाही सांगितला नाही, ‘मेडे’ तर नाहीच. पहिल्यांदा उतरणं फसल्यावर कंट्रोलर म्हणाला, तुम्हाला ईशान्येला पंधरा मैल नेऊन परत वळवतो, तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर: ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. थँक यू व्हेरी मच. थोड्याच वेळात इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर, कोव्ह नेक इथे टेकडीला धडकलं. 158 पैकी 73 जण गेले. त्या सहवैमानिकाने बातमी लपवली नव्हती. ‘वुई आर रनिंग आउट ऑफ फ्युएल’ हे तो बोलला होता. पण ते बोलला सौम्य आवाजात, वाक्याच्या शेपटाला, दुसऱ्या सूचनेला होकार देता देता. त्या रात्री केनेडीकडे येणाऱ्या प्रत्येक विमानाचं इंधन कमीच होत होतं. कंट्रोलरच्या कानाला ठरलेला शब्द हवा होता. तो आला असता तर त्याने इतर सगळ्यांना बाजूला सारलं असतं.

मी शिकवत होतो तिथे पोरं साताऱ्याची, बिहारची, केरळची. हुशार. त्यांना सराव म्हणून मायक्रोफोन द्यायचो: जहाजाला आग लागली आहे, बोल. पोरगा घसा खाकरून सुरू करायचा: “गुड आफ्टरनून सर, धिस इज मोटर व्हेसल अमुक अमुक, सर, वुई वुड लाइक टु इन्फॉर्म यू दॅट...” मी हात वर करायचो. तोवर तू जळालास. शाळेपासून त्यांना हेच शिकवलेलं: मोठ्या माणसाशी इंग्रजीत बोलायचं तर आधी नमस्कार, मग क्षमायाचना, मग विनंती, आणि शेवटी काम. अर्जाची भाषा. ती डोक्यातून काढायला रडार शिकवण्यापेक्षा जास्त दिवस जायचे.

मेडेचा साचा ठरलेला. तीनदा मेडे. जहाजाचं नाव तीनदा. मग पुन्हा एकदा मेडे आणि नाव, आणि लगेच ठिकाण. काय झालंय ते त्याच्या नंतर. पोरं विचारायची, सर, आग लागलीय हे आधी नको का सांगायला? नको. ठिकाण सांगितलं आणि पुढच्या क्षणी तुझा रेडिओ गेला, तरी कोणीतरी तिकडे निघेल. आग लागल्याचं सांगितलंस आणि रेडिओ गेला, तर अख्खं जग हळहळेल, पण कुठे यायचं ते कुणाला कळणार नाही. मग काय मदत हवी, जहाजावर माणसं किती. ओव्हर.

‘मेडे’ हा शब्दही असाच विचार करून घडवलेला आहे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचा रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड याने तो सुचवला. बोलक्या रेडिओवर ‘एस’चा उच्चार खरखरीत विरून जातो, म्हणून एसओएस नको, आणि पलीकडे पॅरिसचं ल बुर्जे विमानतळ, म्हणून फ्रेंच कानालाही कळेल असा हवा: फ्रेंचमध्ये ‘मेदे’ म्हणजे मला मदत करा.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजांसाठी ठरीव वाक्यांचा संच स्वीकारला. तो मला फार आवडतो. त्यात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’, ‘कॅन’ हे शब्द संदिग्ध म्हणून टाळायला सांगितलेत. इंग्रजी सभ्यतेचा पायाच काढून घेतलाय म्हणा ना. ‘मे आय एंटर द फेअरवे?’ (फेअरवे म्हणजे जहाजांची वाट) नाही. आधी ‘क्वेश्चन’ असं म्हणायचं, आणि मग: ‘डू आय हॅव परमिशन टु एंटर द फेअरवे?’ पुढे येतोय तो प्रश्न आहे, सूचना आहे, इशारा आहे की विनंती, हे पहिल्याच शब्दाने सांगून टाकायचं. लाजायचं काही कारण नाही. डेकवर आपले कोकणी खलाशी दोर ओढताना ‘हबेस’ म्हणाले की उचल, ‘आरिया’ म्हणाले की सोड. त्यात ‘कृपया’ कुणी शोधत नाही.

नव्या यंत्रणेत एक लाल बटण असतं, स्प्रिंगच्या झाकणाखाली. काही सेकंद दाबून धरलं की जहाजाचं नाव-गाव आपोआप जातं. किती सोपं! आणि म्हणूनच खोट्या हाकांचा महापूर आला. साफसफाई करताना, चाचणी घेताना, उत्सुकतेपोटी. किल्लीवर एसओएस वाजवायला मार्कोनी लागायचा आणि त्याला कॅप्टनचा हुकूम लागायचा. त्या दोन माणसांच्या संकोचाची चाळणी होती. मी ज्यांना शिकवलं त्यांना पहिल्या दिवशी झाकण उघडून दाखवायचो आणि बंद करायला लावायचो.

तर भाचीचं काय. तिची लंडनला गेलेली मेल मी मागवली. सुरुवात ‘होप यू आर डुइंग वेल’. दुसरा परिच्छेद सिस्टिमचा इतिहास. तिसऱ्यात ‘काइंडली डू द नीडफुल ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’. विषयाच्या रकान्यात ‘अर्जंट!!!’ मी म्हटलं, अगं, हे तर एव्हियांकाचं ‘थँक यू व्हेरी मच’ झालं. ‘ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’ हे इंग्रजाला लिहिलंस म्हणजे तू त्याला सांगतेयस की बाबा, सवडीने कर. आपण ‘ॲट द अर्लिएस्ट’ म्हणतो ते घाईने म्हणतो, त्याच्या कानाला ते नुसतंच अर्धवट वाक्य वाटतं. ‘ईओडी’ कुणाच्या दिवसाचा, पुण्याच्या की लंडनच्या? उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. आणि ‘जेंटल रिमाइंडर’मधलं ‘जेंटल’ कुणाला फसवतं मला कळत नाही. तो शब्द दिसला की मला दात खाणारा माणूस दिसतो.

ती म्हणाली, “पण मामा, सरळ लिहिलं तर उर्मट वाटेल.”

मी म्हटलं, “वेळ आणि कारण लिही, उर्मट वाटत नाही. आणि उद्गारचिन्हं काढ.”

मग आम्ही फोनवर बसून ती मेल लिहिली. विषयात: गुरुवारी लंडन वेळेप्रमाणे दुपारी चारपर्यंत तुमची मंजुरी हवी. पहिली ओळ: मंजुरी आली नाही तर शुक्रवारी सकाळी तुमच्या ग्राहकांना बिलं जाणार नाहीत. दुसरी ओळ: हो किंवा नाही एवढंच कळवा, बाकी आम्ही करतो. खाली नाव. ‘होप यू आर डुइंग वेल’ ठेवायचा तिचा फार हट्ट होता, म्हणून ते शेवटी टाकलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं: ‘चीअर्स, ऑन इट.’ ती खूश. मी म्हटलं, थांब. रेडिओवर नुसतं ‘रिसीव्हड’ म्हणजे ऐकलं, एवढंच. करतो म्हणायला ‘विल्को’ लागतं. या साहेबाने यातलं नेमकं काय म्हटलंय? विचार त्याला, किती वाजता. तिने जरा कुरकुर करत विचारलं. उत्तर आलं: ‘बाय थ्री, युवर टाइम.’

तिने ते लगेच आपल्या टीममधल्या सगळ्यांना पाठवून दिलं, विषयात ‘व्हेरी व्हेरी अर्जंट’ लिहून.